सत्त्व आणि मात्रा

कॅन्सरच्या रुग्णाला भेटायला जाताना आपण फळे नेतो. हल्ली त्यांच्या जोडीला जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची बाटलीही नेतो. ‘हे काही औषध नव्हे, घ्यायला हरकत नाही,’ असे वर सांगतो. या भाबड्या विश्वासाचे एक मूळ शब्दातच असावे. कॅसिमिर फंक यांनी १९१२ साली ‘व्हिटामिन’ हा शब्द घडवला तो ‘जीवन’ या अर्थाचा लॅटिन शब्द आणि ‘अमाइन’ हे रसायनाचे नाव जोडून. मराठीने त्यातले रसायन गाळले आणि त्या जागी ‘सत्त्व’ बसवले. सत्त्व म्हटले की मात्रेचा प्रश्न कोणी विचारत नाही. तो का विचारावा, हे फॉलिक आम्लाच्या इतिहासावरून कळते, आणि त्या इतिहासाचे पहिले पान मुंबईतच लिहिले गेले.

ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांना जडणारा जीवघेणा पंडुरोग हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता, आणि परळची हाफकिन संस्था हे त्यांचे कामाचे ठिकाण. यीस्टच्या अर्काने हा रोग हटतो, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील उपकारक द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. शरीरात नव्या पेशी घडण्यासाठी ते लागते.

अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव संशोधनप्रमुख होते. त्यांच्या चमूने १९४५ साली हे आम्ल कृत्रिमरीत्या तयार केले. बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कॅन्सरने ग्रासलेल्या मुलांना त्याची संयुगे देऊन पाहिली. रक्त सुधारणारे द्रव्य येथेही उपयोगी पडेल, ही अपेक्षा वावगी नव्हती. घडले ते उलटे. रोगाने अधिकच वेग घेतल्याचे त्यांना दिसले. पेशीला वाढीसाठी सत्त्व हवे असते. ती पेशी निरोगी की रोगी, हे सत्त्व पाहत नाही.

या अनुभवातून उलट वाट सापडली. फॉलिक आम्लासारखे दिसणारे, पण त्याचे काम अडवणारे अमिनोप्टेरिन हे द्रव्य सुब्बारावांच्या चमूने पुरवले. १९४८ साली फार्बर यांनी नोंदवलेल्या १६ मुलांपैकी १० मुलांत सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती. तरीही रसायनोपचाराच्या इतिहासात ते वर्ष महत्त्वाचे ठरले. अमिनोप्टेरिनचे भावंड असलेले मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे.

१९४१ साली परळमध्येच टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, आणि २००२ पासून त्याच परिवारातील ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे केंद्र आमच्या नवी मुंबईत, खारघरला, उभे आहे. अशा रुग्णालयांत फॉलिक आम्लाच्या घराण्याची तीन रूपे दिसतात. मेथोट्रेक्सेट चालू असताना मनाने घेतलेली फॉलिक आम्लाची गोळी औषधाच्या कामात आड येऊ शकते. तेच मेथोट्रेक्सेट मोठ्या मात्रेत दिले, तर निरोगी पेशी वाचवण्यासाठी ठरलेल्या तासाला फोलिनिक आम्ल द्यावे लागते. पेमेट्रेक्सेड या औषधासोबत मात्र फॉलिक आम्ल आणि ब-१२ न चुकता घ्यायचे असते. घराणे एकच, पण औषध, वेळ आणि मात्रा बदलली की भूमिका बदलते. बहुजीवनसत्त्वांच्या गोळीतही बहुधा फॉलिक आम्ल असते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

उपचार संपल्यावरही हा प्रश्न सुटत नाही. जठर काढून टाकलेल्या रुग्णाला ब-१२ बाहेरून आयुष्यभर घ्यावे लागते. तेथे ते टाळणे हाच धोका. याउलट फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना कॅन्सर टळावा म्हणून बीटा-कॅरोटीन दिले गेले, आणि १९९४ साली निष्कर्ष आले तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर वाढलेला आढळला. गाजरातला गुण गोळीत तसाच उतरेल, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून ताटातली पालेभाजी परस्पर बंद करू नये आणि बाटलीतली गोळी परस्पर सुरू करू नये. घरात असेल ती प्रत्येक बाटली, मग ती काढ्याची असो वा चूर्णाची, डॉक्टरांपुढे ठेवावी. ‘हे तर नुसते सत्त्व’ म्हणून लपवू नये. छंदाचा अभ्यास करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको: अक्षरे निर्दोष असली, तरी मात्रा चुकली की चरण कोसळतो.