पांढरीची नोंदवही

आपल्या खेड्यांतील जुनी माणसे गावाची जमीन दोन नावांनी ओळखतात. जेथे नांगर चालतो ती काळी आणि जेथे घरे उभी राहतात ती पांढरी. या साध्या नावांमागे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण आहे. माणसे जेथे शेकडो वर्षे नांदली तेथे चुलींची राख, गुरांचे शेण, ढासळलेल्या भिंतींची माती, हाडे आणि खापरे यांचे थर साचत जातात व जमिनीचा रंग पालटतो. गाव उठून गेले तरी पांढरी मागे राहते. गोदावरी, प्रवरा, भीमा आणि घोड या नद्यांच्या थडीला अशी कितीतरी ओसाड टेकाडे आहेत. गुराखी त्यांवर गुरे चारतो, आणि पावसाळा सरला की त्यांच्या उतारावर तांबडी खापरे उघडी पडतात. या खापरांतून महाराष्ट्राच्या इतिहासाचा एक हरवलेला अध्याय कसा हाती आला आणि तो आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा कसा नाहीसा होत आहे, हे वाचकांपुढे मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

धर्मग्रामात काम करणाऱ्या धर्मगुरूला हा विषय का सुचावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण आमच्या कपाटातील स्नानसंस्काराची नोंदवही. दाखल्यासाठी आलेली तरुण मंडळी कधीकधी आपल्या पणजोबांची नोंद पाहू मागतात. पिवळ्या पानांवर नाव, बापाचे नाव व गावाचे नाव एवढेच असते. अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) आमच्या बहुतेक कुटुंबांची ही नोंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपलीकडे जात नाही. त्याआधी आमच्या पूर्वजांना अक्षरच दिले गेले नव्हते, मग त्यांची नावे कोण लिहून ठेवणार? एका तरुणाने नोंदवही मिटता मिटता मला विचारले, “फादर, म्हणजे मिशनरी येण्याआधी आम्ही नव्हतोच का?” त्या प्रश्नाचे उत्तर मला नोंदवहीत मिळाले नाही. ते प्रवरेच्या काठी मिळाले.

सन १९५० पर्यंत महाराष्ट्राच्या इतिहासाची स्थिती त्या तरुणाच्या प्रश्नासारखीच होती. सम्राट अशोकाचा काळ व त्यानंतरचे सातवाहन राजे येथून लिखित इतिहास सुरू होई. नाशिक, कार्ले, जुन्नर येथील लेणी आणि त्यांतील शिलालेख हे त्याचे आधार. त्याहून मागे गेले की अंधार. नर्मदेच्या दक्षिणेस ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकात शेती करणारी गावे होती की नव्हती, हे कोणालाही खात्रीने सांगता येत नव्हते.

हा अंधार ज्यांनी दूर केला त्यांत पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाचे डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया (१९०८–१९८९) यांचे नाव अग्रभागी आहे. आपल्या वाचकांना जिव्हाळ्याची वाटेल अशी गोष्ट ही की, सांकलिया हे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्पॅनिश येशूसंघीय फादर हेन्री हेरास यांचे शिष्य. फादर हेरास यांनी १९२६ साली तेथे भारतीय इतिहासाच्या संशोधनासाठी संस्था स्थापन केली होती, आणि नालंदा विद्यापीठावरील आपले आरंभीचे संशोधन सांकलियांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली केले. पुढे लंडनमध्ये शिक्षण घेऊन ते १९३९ साली डेक्कन महाविद्यालयात रुजू झाले.

उत्खनन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुदळ-फावडे येते. परंतु कुदळ नंतरची, आधी पाय. कोठे खणावे हे कळण्यासाठी अगोदर शिवारे तुडवावी लागतात. यालाच क्षेत्रीय सर्वेक्षण म्हणतात. खळी उरकली, शेते मोकळी झाली की संशोधक नदीचा एक काठ धरून चालू लागतात. पाण्याने कापलेल्या दरडी, ओढ्यांच्या घळी, विहिरींच्या कडेला पडलेली माती, नांगराच्या तासांत वर आलेले दगड, हे सारे नजरेखालून घालायचे. खापर उचलून बोटांनी वाजवून पाहायचे, ते कोठे सापडले हे नकाशावर टिपायचे. गावच्या पाटलाला, मेंढपाळाला, विहीर खणणाऱ्याला विचारायचे. नदीच्या घट्ट झालेल्या गोट्यांच्या थरात दगडी हातकुऱ्हाड मिळाली तर ती अश्मयुगाची खूण. तांबड्या, खणखणीत वाजणाऱ्या खापरावर काळ्या रंगाची नक्षी असेल, तर ती पहिल्या शेतकऱ्यांची खूण.

ही दुसरी खूण ज्या गावाच्या नावाने आज जगभरचे अभ्यासक ओळखतात ते जोर्वे गाव संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी आहे. १९५०–५१ साली डॉ. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी तेथे उत्खनन केले. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी व लांब तोटीची तांबडी भांडी हाती आली. दगडाची पाती आणि तांब्याची हत्यारे बरोबरीने वापरणारी ही माणसे होती, म्हणून त्यांच्या काळाला ताम्रपाषाणयुग म्हणतात. ज्ञानेश्वरीमुळे आपणा सर्वांना पूज्य असलेल्या नेवाशाला १९५४ पासून उत्खनन झाले, तेव्हा एकाच परिसरात अश्मयुगापासून पुढच्या अनेक कालखंडांचे अवशेष मिळाले. १९५८ साली श्री. बोपर्डीकर यांना श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठचे दायमाबाद हे ओसाड ठिकाण गवसले. ज्या तालुक्यातील हरेगावी आपण दर सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला जातो, तोच हा तालुका. जोर्वे पद्धतीच्या खापरांची दोनशेहून अधिक ठिकाणे आज ज्ञात आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक चालणाऱ्यांच्या डोळ्यांनी शोधलेली आहेत.

एखाद्या टेकाडाचे उत्खनन एका गावाची कथा सांगते. सर्वेक्षण साऱ्या खोऱ्याची कथा सांगते. ही ठिकाणे नकाशावर मांडल्यावर असे दिसून आले की बहुतेक वस्त्या अगदी लहान होत्या, दोन-चार मोठ्या होत्या, आणि वीस हेक्टरांहून मोठे दायमाबाद हे त्यांत आगळे होते. त्याहूनही मोठी गोष्ट पुढे आली. जोर्वे संस्कृती ख्रिस्तपूर्व १४०० च्या सुमारास बहरली आणि ख्रिस्तपूर्व १००० च्या सुमारास गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यांतील गावे एकामागून एक ओस पडली. भीमेच्या खोऱ्यात मात्र काही वस्त्या ख्रिस्तपूर्व ७०० पर्यंत तग धरून राहिल्या. हवामान कोरडे होत गेल्याने शेती खालावली, असे डॉ. म. के. ढवळीकर यांचे प्रतिपादन होते. दुष्काळाने गाव सोडून जाण्याची वेळ आपल्या भागावर काही आज प्रथम आलेली नाही.

घोड नदीच्या काठच्या इनामगावी, शिरूर तालुक्यात, १९६८ ते १९८३ या काळात विस्तृत उत्खनन झाले. तेथील माणसे जव, गहू, मसूर, वाटाणा पिकवीत आणि गुरे पाळीत. पाणी अडवून वळविण्याची सोय त्यांनी केली होती. आरंभीची त्यांची घरे चौकोनी व ऐसपैस. शेवटच्या काळातील घरे मात्र लहान, गोल खोपटी. गरिबी कशी आली ते घरांच्या पायांवरून वाचता येते.

परंतु माझे मन ज्यापाशी थबकले ती गोष्ट निराळी. ही माणसे आपल्या मृतांना घराच्या जमिनीखाली अथवा अंगणात पुरीत. प्रौढांचे डोके उत्तरेस ठेवीत आणि त्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले असत. मृताने घर सोडून दूर जाऊ नये ही त्यामागची भावना असावी, असा विद्वानांचा तर्क आहे. दगावलेल्या बालकाला मात्र ते दोन कुंभांत ठेवीत. कुंभ आडवे करून तोंडाला तोंड लावीत आणि बाळ आत निजवून तो जोडकुंभ घराच्या जमिनीत पुरीत. नेवाशाला तर एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ तशीच राहिलेली आढळली. धर्मगुरू म्हणून मी कित्येक लहान शवपेट्यांना अखेरचा आशीर्वाद दिला आहे, आणि आईचा हात पेटीवरून उचलवत नाही हे पाहिले आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या आईची श्रद्धा काय होती हे मी सांगू शकत नाही. ते कुंभ मात्र तिची माया सांगतात. आपल्या लेकराला तिने दूर रानात ठेवले नाही, चुलीजवळ ठेवले.

ज्या काळात प्रवरेकाठी ही माणसे नांदत होती, साधारण त्याच काळात पवित्र शास्त्रातील शास्त्यांचा कालखंड येतो. ख्रिस्तपूर्व १००० च्या आसपास दावीद राजा झाला. योगायोग असा की त्या भूमीतील डोंगराळ भागाविषयीचे ज्ञानही पायी सर्वेक्षणानेच पालटले. १९६७ नंतर तेथे टेकडीमागून टेकडी तपासली गेली, आणि ख्रिस्तपूर्व १२०० ते १००० या काळातील सुमारे अडीचशे लहान, तटबंदी नसलेली खेडी आढळली. इस्राएल फिंकेलस्टाइन यांनी १९८८ साली ही माहिती ग्रंथरूपाने मांडली. नगरे जिंकल्याची वर्णने यहोशवाच्या ग्रंथात आहेत. हळूहळू, कष्टाने रुजत गेलेल्या वस्तीचे चित्र शास्त्यांच्या ग्रंथात आहे. या खेड्यांनी दुसऱ्या चित्राकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. अशा संशोधनाने श्रद्धाळूने बिचकण्याचे कारण नाही. पोप बारावे पायस यांनी १९४३ सालच्या विश्वपत्रात शास्त्राभ्यासकांना पुरातत्त्वाची मदत घेण्याचे आवाहनच केले आहे. देवाने आपली प्रजा राजवाड्यात शोधली नाही. मेंढपाळांच्या व शेतकऱ्यांच्या खेड्यांतून ती उभी केली, हे खापरांनीही दाखवावे याचे मला समाधान वाटते.

आता थोडे कडू बोलायचे आहे. १९७४ साली दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना चार ओतीव मूर्ती मिळाल्या: बैलजोडीचा रथ व त्यातील पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. सर्वांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. भारतीय कलेतील हे अपूर्व धन होय. तथापि त्या कोणत्या काळच्या, याविषयी विद्वानांत मतभेद राहिले, कारण त्या उत्खननात, थराथराने माती काढताना मिळालेल्या नव्हत्या. वस्तू आपल्या जागेवरून हलली की तिची साक्ष अर्धी होते. न्यायालयात जसा साक्षीदार कोठे उभा होता हे महत्त्वाचे, तसे येथेही.

मूर्ती निदान वाचल्या. पांढरीचे काय? राख, शेण आणि हाडे मुरलेली ही माती पिकाला मानवते हे शेतकऱ्याला केव्हाच ठाऊक झाले आहे. पूर्वी ती बैलगाडीने जाई, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून जाते. मी दुसऱ्या कोणाला दोष देत नाही. अनेक वर्षांपूर्वी, एका धर्मग्रामात असताना, मंदिरामागच्या खडकाळ जागेत फुलबाग करावी म्हणून मी स्वतः दोन ट्रॉल्या पांढरी माती आणविली होती. मातीत तांबडी खापरे फार होती. रविवारच्या वर्गाच्या मुलांना मी ती वेचून ओढ्यात टाकायला लावली, आणि बक्षीस म्हणून लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. एका मुलीने काळ्या रेघांचे एक खापर मला दाखवून विचारले, “फादर, हे कोणाचे?” मी म्हणालो, “कोणाचे नाही, टाकून दे.” पुढे जोर्वे येथील खापरांची चित्रे पाहिली तेव्हा ते काळ्या रेघांचे खापर मला आठवले. ते कोणाचे होते हे आता कधीच सांगता येणार नाही. त्या टेकाडाचा तो भागही राहिलेला नाही.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना माझी विनंती आहे. आपल्या शिवारात पांढरीचे टेकाड असेल तर त्याची माती उचलू नका आणि विकू नका. विहीर खणताना अथवा जमीन सपाट करताना कुंभ, हत्यार, मूर्ती वा नाणी लागली तर काम थांबवा, वस्तू जागची हलवू नका आणि तहसील कचेरीत अगर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. दडलेले धन सापडल्यास आणि त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असल्यास तसे कळविण्याचे बंधन १८७८ च्या कायद्यानेच घातले आहे. शिक्षकांनी मुलांना टेकाड दाखवायला जरूर न्यावे. पाहावे, चित्र काढावे, उचलू नये. दगडाधोंड्यांनीही साक्ष द्यावी असे प्रभू म्हणाला. ती साक्ष पुसणारे हात निदान आपले नसावेत.

त्या तरुणाला मी उशिरा उत्तर दिले. जोर्व्याची माणसे तुझे रक्ताचेच पूर्वज होती असे मी म्हटले नाही; तसे कोणी सिद्ध केलेले नाही. मी एवढेच म्हणालो की ज्यांना अक्षर नव्हते त्यांनाही इतिहास होता. त्यांनी जव पेरला, पाणी अडविले, लेकरे पुरली, दुष्काळात गाव सोडले, आणि हे सारे आपल्याच नद्यांच्या काठी घडले. त्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत, परंतु ज्याने प्रत्येकाला नावाने हाक मारली त्याच्यापाशी ती आहेत. राखेच्या बुधवारी कपाळी राख लावताना आपण मातीचे आहोत याची आठवण मी दरवर्षी लोकांना देतो. अलीकडे ती राख लावताना मला पांढरी आठवते. तीही राखच आहे, चुलींची आणि घरांची. आपल्या स्नानसंस्काराची नोंदवही आपण कुलपात ठेवतो. ही दुसरी नोंदवही उघड्यावर पडली आहे. तिला कुलूप नाही, राखणदार आपणच आहोत.