शनवार तेल्यांचे सण आणि शाळेतलं लेकरू

कांजूरमार्गहून लोकलनं चौथं स्टेशन ठाणे. तिथलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ १८७९ सालचं. हे बेने इस्राएल आपल्या कोकणातले, घरात मराठीच बोलणारे. ते तेलाचा घाणा चालवत, पण शनिवारी बंद ठेवत. म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे.

मुलांना शिक्षणाबरोबर हिब्रूही यावी, म्हणून हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत शाळा काढली. ती आज माझगावची सर एली कदूरी शाळा. १९४८ नंतर बरीच घरं इस्राएलला गेली. आता ज्यू मूल वर्गात बहुधा एकटंच असतं. त्यात ते अपंग असेल, तर सणाच्या दिवशी दोनदा बाजूला पडतं: आपला सण कुणाला ठाऊक नाही, आणि शाळेच्या सणात ढोलाचा आवाज सोसत नाही किंवा स्टेजची पायरी चढवत नाही.

२०१६चा दिव्यांग कायदा सांगतो, अशा मुलांना शिक्षणाबरोबर खेळ-करमणुकीतही बरोबरीची संधी द्या. मग आईनं काय मागावं? स्टेजला उतार, बसायला शांत कोपरा, योम किप्पुरच्या उपवासाला सुट्टी. आठ दिवस आधी बाईंना सांगावं.

आपल्या गावच्या शाळेतही असं लेकरू असेल. गटाच्या बैठकीत त्याच्या आईला विचारूया: पुढच्या सणाला त्याला काय लागेल?