सीनियॉरिटी लिस्ट आणि जॉबरची कोंबडी

रविवारी आमच्या युनियनची सभा आहे. मॅनेजमेंटचा प्रस्ताव आलाय: सुपरवायझरच्या निम्म्या जागा यापुढे सेवाज्येष्ठतेने भरायच्या नाहीत, मुलाखत आणि साहेबांच्या अहवालावरून भरायच्या. खात्यातली तरुण पोरं खूश आहेत. त्यातला एकजण, नुसत्या आवाजावरून मशीनचा बिघाड ओळखणारा, मला म्हणाला, "काका, खुर्ची उबवल्याचं बक्षीस अजून किती दिवस द्यायचं?" मी हसलो. तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

माझे आजोबा परळला एका गिरणीत साच्यावर होते, म्हणजे लूम चालवायचे. लागले तेव्हा अर्थातच बदली कामगार. गिरणीत कोणाला घ्यायचं, कोणाला उद्या परत पाठवायचं, हे त्या काळात साहेब ठरवत नसे. ठरवायचा जॉबर. हा माणूस कामगारांतूनच वर आलेला, मशीन कोळून प्यायलेला. माणसं तोच आणायचा, त्यांच्यावर देखरेख तोच करायचा, अडीनडीला कर्ज द्यायचा, खोलीसाठी जामीनही राहायचा. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. या सगळ्याच्या बदल्यात दस्तुरी. आजोबा गावाहून येताना जॉबरसाठी तांदूळ आणत, एकदा जिवंत कोंबडी आणली. ती एसटीतून कशी आणली हे ते इतकं रंगवून सांगत की आम्ही हसून लोळायचो. कोंबडी का द्यावी लागली, हे मोठेपणी कळलं.

आता गंमत बघा. जॉबरला विचारलं असतं, हाच माणूस का घेतला, तर तो काय म्हणाला असता? "कामाला चांगला आहे." म्हणजे मेरिटच! फक्त ते मोजणारा एकच, मोजमाप त्याच्या डोक्यात, आणि अपील कुठेच नाही.

1929 ला नेमलेल्या शाही मजूर आयोगाने 1931 च्या अहवालात स्पष्ट सांगितलं की माणसं घेण्याचे आणि काढण्याचे अधिकार जॉबरकडून काढा, त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा. 1935 ला मुंबईच्या गिरण्यांत बदली कंट्रोलची योजना आली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठराविक लोकांना कार्डं द्यायची, त्यांनी रोज सकाळी हजेरी लावायची, आणि रिकामी जागा त्यांच्यातूनच भरायची. ही योजना युनियनने आणलेली नव्हती, मालकांनी आणली होती. त्यांनाही जॉबर डोईजड झालाच होता. जॉबर काही एका रात्रीत संपला नाही, पण कामगाराच्या हातात पहिल्यांदा एक कागद आला. पुढे 1953 ला औद्योगिक विवाद कायद्यात कलम घातलं गेलं: कपात करताना शेवटी आलेला आधी जाईल, आणि हा क्रम मोडायचा तर मालकाने कारण नोंदवून ठेवायचं. माझ्या मते सगळी गोम या "कारण नोंदवून" मध्ये आहे.

आणि बढती? आपल्या महाराष्ट्राचा 1971 चा कायदा, ज्याला कामगार चळवळीत एमआरटीयू-पल्प म्हणतात, त्यातली अनुचित प्रथांची यादी कधीतरी वाचा. युनियनचं काम केलं म्हणून सीनियॉरिटी बदलणं, बढती नाकारणं, हे त्यात आहेच. पण कामगारांत फूट पाडण्यासाठी लायकी नसलेल्याला बढती देणं, हेही आहे. गुणवत्ता न पाहता एका गटावर मेहेरनजर करणं, हेसुद्धा. म्हणजे "युनियन म्हणजे मेरिटचा शत्रू" हे अर्धवट आहे. कामगाराच्या बाजूच्या कायद्यानेही मेरिट हा शब्द वापरलाय, वशिल्याच्या विरोधात.

इथवर लिहून थांबलो असतो तर पोस्ट आमच्या सेक्रेटरींना फार आवडली असती. पण आजोबांच्या गोष्टींत एक भाग कधीच आला नाही.

विणाई खात्यात पैसे जास्त मिळत. तिथे दलित कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून काढावं लागे. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला! त्यामुळे दलितांनी कमी पगाराच्या रिंग खात्यात राहायचं. 1928 च्या सहा महिन्यांच्या प्रचंड संपात डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं की आमच्या लोकांना सगळी खाती खुली करण्याची मागणी घ्या, नाहीतर आमचे लोक संपात राहणार नाहीत. मागणी नाइलाजाने घेतली गेली. मालकांनी काय उत्तर दिलं? हा अन्याय असेलही, पण तो आम्ही केलेला नाही. आणि हे अगदीच खोटं नव्हतं. बाट मानणारे शेजारच्या साच्यावरचे कामगार होते. माझे आजोबा पुढे त्याच खात्यात लागले. त्यांनी कधी कोणाला अडवलं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि आता ते नाहीत.

ज्याला खात्याच्या दारातच थांबवलं, त्याची त्या खात्यात सीनियॉरिटी कुठून होणार? यादी कितीही प्रामाणिक असली तरी तो तिच्यात नाहीच.

आमच्याकडेही अशी माणसं आहेत. कंत्राटी पोरं. आमच्याच मशीनवर, आमच्याच शिफ्टला, काहीजण नऊ-नऊ वर्षं. कंत्राटदार तीनदा बदलला, पोरं तीच. मला मशीनबद्दल काही अडलं तर मी ज्याला हाक मारतो तो त्यांच्यातलाच. आमच्या सेवाज्येष्ठता यादीत त्याचं नाव नाही, मॅनेजमेंटच्या मुलाखतीलाही त्याला बोलावणार नाहीत. इतकंच काय, रविवारच्या सभेलाही तो येऊ शकत नाही, कारण तो आमचा सभासद नाही.

म्हणून मी दोन दुरुस्त्या मांडणार आहे. एक, मुलाखत घ्यायचीच तर गुण आणि अहवाल लेखी हवेत, ज्याचे त्याला दाखवायचे, आणि सीनियरला डावललं तर कारण नोंदवायचं. दोन, कंत्राटी कामगारांना सभासद करून घ्यायचं आणि त्यांना कायम करताना मागची वर्षं सीनियॉरिटीत धरायची. म्हणजे यादीत मीही चार-पाच नंबरांनी खाली जाईन, हे हिशेब करून पाहिलंय.

पहिल्या दुरुस्तीला अकरा जणांनी सह्या केल्यात. दुसरीला अजून अनुमोदक मिळालेला नाही. रविवारी सकाळी दहाला सभा आहे, खात्यातलं कोणी हे वाचत असेल तर फोन करा.