वसंताचे व्यासपीठ

मनमाडसारख्या जंक्शनच्या गावी राहणाऱ्या मनुष्यास एक तक्रार वारंवार ऐकावी लागते. फाल्गुन संपून चैत्र लागला की पुण्यास व्याख्याने, नाशकास व्याख्याने आणि गाणी, मुंबईस तर काय वाटेल ते. मनमाडास मात्र गाड्या येतात आणि जातात! आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मागे हीच तक्रार जरा तिखट शब्दांत केली. तेव्हा आम्ही त्यास काही तात्पुरते उत्तर दिले. पण प्रश्न मनातून गेला नाही. वसंतात एकत्र जमून काही ऐकावे, पहावे, शिकावे, ही चाल आपल्याकडे आली कोठून, आणि तीत आमच्या या कोरड्या, वाऱ्याच्या गावाचा काही वाटा आहे की नाही, याचा थोडा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

प्रथम नावाविषयी. मे महिन्याच्या उन्हाळ्यात होणाऱ्या व्याख्यानांस ‘वसंत व्याख्यानमाला’ म्हणावे, याचे पुष्कळांस हसू येते. परंतु चैत्र आणि वैशाख हे आपल्या पंचांगाप्रमाणे वसंताचेच मास होत, आणि वैशाख बहुधा मे महिन्यातच संपतो. नाव ठेवणाऱ्यांनी हिशेब चुकविलेला नाही. आपणच ऋतू मोजण्याचे मापे बदलली आहेत.

या मालेचा उगम पुण्याचा. १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने तेथे ती सुरू झाली. रानडे हे मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी. इंग्रजी विद्येने जे दिले ते मराठीत उतरवून लोकांपर्यंत पोहोचविणे हे त्यांस आपले कर्ज वाटे. पण आमच्या वाचकांस आम्ही दुसरीच गोष्ट आठवून देऊ इच्छितो. रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला; आणि निफाड म्हणजे नाशकाहून मनमाडास येताना गाडीच्या खिडकीतून दिसणारे गाव! पुढे सरकारी नोकरीतील बदलीने ते काही काळ नाशकासही होते. तेव्हा या परंपरेच्या कर्त्यास परका मानण्याचा अधिकार तरी आम्हांस नाही.

उन्हाळाच का निवडला, याची कारणे सरळ आहेत. कोर्टांस आणि कॉलेजांस सुटी असते, म्हणून बोलणारे वकील व प्राध्यापक मोकळे असतात. शेतातील रब्बीचे पीक घरात आलेले असते. पाऊस नसतो, म्हणून सभागृह बांधण्याचा खर्च नको. एखादे पटांगण आणि एक दिवा पुरतो. दिवसभर तापलेली जमीन संध्याकाळी निवू लागली की माणूस घरात बसत नाही. नाशकास गोदावरीच्या काठी, देव मामलेदार यशवंतराव महाराजांच्या नावाच्या पटांगणात मे महिन्यात भरणारी व्याख्यानमाला याच हिशेबावर चालते. ज्या मामलेदाराने दुष्काळात सटाण्याचा सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडला, त्याच्या नावाच्या जागी विद्येचा खजिनाही दाराशिवाय उघडा रहावा, हा योग आम्हांस मोठा समर्पक वाटतो.

चौथे कारण मात्र आगगाडीचे. पुण्याचा वक्ता नाशकास आणि नाशकाचा गवई खानदेशात जाऊ शकला, तो लोहमार्गामुळे. १८७८ मध्ये धोंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दक्षिणेकडील वाहतूक मुंबईस वळसा न घालता येथे येऊन मिळू लागली. पुढे निजामाच्या राज्यात जाणारा गोदावरी खोऱ्याचा मार्गही येथूनच निघाला. वक्ते, कीर्तनकार, नाटकमंडळ्या आणि त्यांचे पडदे-पेट्या यांची गाडी बदलावयाची जागा म्हणून मनमाडाचे ऋण कोणी लिहून ठेविले नाही. पण ते आहे.

संगीत आणि शास्त्र या दोहोंचेही काही मोठे आरंभ वसंतातलेच. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले ते ५ मे १९०१ रोजी, म्हणजे वैशाखात. संस्थानिकांच्या दिवाणखान्यातील गाणे त्यांनी शाळेच्या वर्गात आणले, आणि उत्तरायुष्यात नाशकास येऊन रामनामाचा आश्रम थाटला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईस लोकांसमोर आला. त्याच वर्षी त्यांनी आपला कारखाना नाशकास हलविला. परंतु त्याच्याही आधी फाळक्यांनी एका कुंडीतील वाटाण्याची वाढ थोड्या थोड्या अंतराने छायाचित्रे घेऊन टिपली होती, आणि दाण्यातून वेल कसा उठतो हे पडद्यावर क्षणभरात दाखवून भांडवलवाल्यांची खात्री पटविली होती. कला म्हणावी की शास्त्र म्हणावे, असा प्रश्न त्या वाटाण्याच्या वेलापुढे निरर्थक होतो.

येथवर सर्व गोड झाले. आता कडू भाग सांगणे प्राप्त आहे. उघड्या पटांगणात सभा भरली म्हणजे ती सर्वांस उघडी झाली, असे होत नाही. ज्या नाशकाच्या वसंतोत्सवाचे आपण कौतुक करतो, त्याच नाशकात २ मार्च १९३० रोजी, फाल्गुनाच्या आरंभी, काळाराम मंदिराच्या दारापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला. चैत्रात रामाचा रथ सर्वांनी मिळून ओढावा अशी तडजोड झाली होती. ती ९ एप्रिल रोजी मोडली आणि दंगल झाली. वसंत सर्वांवर सारखा फुलतो, पण रथाच्या दोरास कोणाचा हात लागावा हे माणसे ठरवीत होती.

आणि याच ठिकाणी मनमाडाचे नाव इतिहासात ठळक येते. १९३८ सालच्या फेब्रुवारीच्या १२ व १३ तारखांस जी. आय. पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद येथे भरली. वसंतपंचमी होऊन आठवडा उलटला होता. अध्यक्षस्थानावरून बाबासाहेबांनी सांगितले की, कामगारांस ब्राह्मण्य आणि भांडवलशाही असे दोन शत्रू आहेत. आणि ब्राह्मण्य म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा नकार होय, असा खुलासाही केला. हे केवळ तत्त्वज्ञान नव्हते. दलित मनुष्य रेल्वेत गँगमनच्या पुढे का सरकत नाही? त्यास हमालाची जागा का मिळत नाही? तर स्टेशनमास्तर हमालाकडून घरची कामे करवून घेतो, आणि अस्पृश्याकडून ती घेता येत नाहीत म्हणून! रुळांवर राबणाऱ्या श्रोत्यांस हे उदाहरण समजावून सांगण्याची गरज नव्हती.

येथे कोणी म्हणेल की ती राजकीय परिषद होती. तिची गणना विद्येच्या उत्सवात कशी करता? आम्ही उलट विचारतो: जमलेल्या लोकांस त्यांच्याच जीवनाचे कारण उलगडून दाखविणारे भाषण जर विद्या नव्हे, तर विद्या कशास म्हणावयाचे? रानड्यांनी व्याख्यानास पीठ दिले. मनमाडच्या त्या परिषदेत, ज्यांस त्या पीठाजवळ कोणी बोलाविले नव्हते अशांनी स्वतःची सभा भरविली. पहिल्या गोष्टीवाचून दुसरीचे रूप दिसले नसते, आणि दुसरीवाचून पहिली अपुरीच राहिली असती.

तेव्हा आमच्या विद्यार्थ्यास आज आम्ही असे उत्तर देऊ. फेब्रुवारीच्या २७ तारखेस कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठीचा गौरवदिन असतो आणि लगेच दुसऱ्या दिवशी, रामन यांच्या १९२८ मधील शोधाच्या स्मरणार्थ, विज्ञानदिन. हे दोन दिवस जोडून एक संध्याकाळ शाळेच्या अंगणात भरविण्यास पुण्याची परवानगी लागत नाही. रेल्वेच्या वसाहतीत गाणारे, वाजविणारे आणि यंत्रे खोलून दाखविणारे पुष्कळ आहेत. त्यांस विचारण्याचाच अवकाश. आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस एके दिवशी सूर्य मनमाडच्या बरोबर माथ्यावर येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास अंगणात एक काठी सरळ उभी करावी. तिची सावली नाहीशी होते. जुने ज्योतिषी शंकूच्या छायेवरून हेच मोजीत. जुलैत सूर्य पुन्हा माथ्यावर येतो खरा, पण तेव्हा बहुधा ढग आडवे येतात. म्हणून हा योग वसंताच्या शेवटी साधावा हेच बरे.

त्या दुपारी आम्ही स्वतः काठी घेऊन उभे राहणार आहोत. गाडी बदलण्यास एखादा तास असलेल्या प्रवाशानेही अवश्य यावे.