डोळ्यातला पंचवीस नंबर

युव्हिआयटिसच्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेच्या कागदावर हल्ली '२५ जी' किंवा '२७ जी' अशी नोंद सापडते. जी म्हणजे गेज, हत्याराच्या जाडीचं माप. युव्हिआयटिसमध्ये डोळ्याच्या आतल्या थरांना दाह होऊन व्हिट्रियस, म्हणजे डोळा भरून असलेला पारदर्शक गर, गढूळ झाला आणि औषधांनी भागेना, की पडद्याचे सर्जन बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर तीन बारीक भोकं पाडतात. एकातून सलाइन आत जातं, दुसऱ्यातून दिवा, तिसऱ्यातून गर कापत ओढून घेणारं कटर. काम झालं की नळ्या काढायच्या. भोकं बहुतेक वेळा टाक्यावाचून मिटतात. हे तंत्र १९७० नंतरचं आणि बरंचसं अमेरिकेत घडलेलं. त्यावरचा नंबर मात्र दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या, लोखंडी तार ओढणाऱ्या कारागिरांचा आहे.

तार कशी ओढतात ते सोनाराच्या पेढीमागे आजही दिसतं. पोलादी पट्टीला उतरत्या मापाची भोकं असतात. तारेचं टोक कानशीने निमुळतं करायचं, भोकातून पलीकडे काढायचं आणि चिमट्यात घट्ट धरून सगळी तार ओढून घ्यायची. मग पुढचं भोक. दर ओढीला तार बारीक होते, लांबते आणि कडकही होते, म्हणून मध्येच तापवून मऊ करावी लागते. लँकाशरमधल्या लोखंडी तारेचीही रीत हीच होती. शून्य नंबर म्हणजे जाड कांब, एक नंबर म्हणजे एकदा ओढलेली, पंचवीस नंबर म्हणजे पंचवीस वेळा ओढलेली. नंबर चढत जातो आणि माप उतरत जातं, याचा उलगडा इथे होतो.

हा उलगडा सगळ्यांना मान्य नाही. दुसरा पक्ष म्हणतो की नंबर या नुसत्या व्यापारी खुणा होत्या. गिऱ्हाइकाला माल ओळखता यावा म्हणून लावलेल्या. त्यांचा मुद्दा वजनदार आहे, कारण तारेच्या इंग्लिश मापपट्टीवर शून्याहूनही जाड तारा आहेत: ००, ०००, ००००. शून्यापेक्षा कमी वेळा तार ओढायची कशी?

उत्तर त्या मापपट्टीच्या कोष्टकातच दडलेलं आहे. १ नंबरची तार ०.३०० इंच, २ नंबरची ०.२८४, म्हणजे घट जेमतेम पाच टक्के. १९ नंबरची ०.०४२ इंच आणि २० नंबरची ०.०३५, इथे एकदम सहावा हिस्सा गेला. कागद घेऊन खुणा ठरवणाऱ्याने पायऱ्या सारख्या पाडल्या असत्या. अमेरिकेतल्या ब्राऊन अँड शार्प कंपनीने १८५७मध्ये तेच केलं: दर पायरीला सुमारे ११ टक्के घट, शेवटपर्यंत. इंग्लिश कोष्टकाच्या ओबडधोबड पायऱ्या हाताच्या आहेत. धातू एका ओढीत किती सोसेल, तार कुठे तुटेल आणि कुठे चालून जाईल, याचा अनुभव त्या आकड्यांत उतरला आहे. जादा शून्यं पुढे जाड तारेला मागणी आली तेव्हा वर जोडली गेली, असं मानलं की सगळं जागच्या जागी बसतं.

या मापाला जग बर्मिंगहॅम गेज म्हणतं, पण त्याचं दुसरं नाव स्टब्ज गेज, आणि मान खरा त्या नावाचा. पीटर स्टब्ज (१७५६-१८०६) हा वॉरिंग्टनचा कानशी बनवणारा. तो तिथे 'व्हाइट बेअर' नावाची खानावळही चालवायचा. उत्तम कानशीवाला म्हणजे कठीण पोलादाचा जाणकार, आणि भोकांची मापपट्टी टिकायची तर पोलाद कठीणच हवं. वॉरिंग्टन पुढे तारेचंच गाव झालं. तिथल्या रग्बी लीग संघाला लोक आजही 'द वायर' म्हणतात.

पण डोळ्यातला नंबर स्टब्जचाच कशावरून? दावेदार आणखी तीन आहेत. फ्रेंच शार्रिएर माप एका फटक्यात बाद होतं, कारण त्यात नंबर वाढला की नळी जाड होते. मूत्रमार्गातल्या कॅथेटरवर ते अजून आहे. अमेरिकन गेज, म्हणजे ब्राऊन अँड शार्पचं, खरं तर घरचं. ते वापरलं असतं तर २० नंबरचं कटर ०.८१ मिलिमीटर भरलं असतं. प्रत्यक्षात ओमॅली आणि हाइन्ट्झ यांनी १९७०च्या दशकात आणलेलं २० नंबरचं कटर ०.८९ मिलिमीटरचं होतं, आणि स्टब्जचे ०.०३५ इंच म्हणजे ०.८८९ मिलिमीटर. उरलं ब्रिटनने १८८४पासून कायदेशीर केलेलं प्रमाणित गेज. २५ नंबरवर ते आणि स्टब्ज दोघेही ०.५०८ सांगतात, तिथे निवाडा होत नाही. निकाल लागतो २३वर. सरकारी माप ०.६१०, स्टब्जचं ०.६३५, आणि इंजेक्शनच्या सुयांच्या कोष्टकात, ज्याच्या मापाची डोळ्यातली हत्यारंही आहेत, २३ नंबर ०.६४च्या घरात आहे. सरकारने कायदा केला, तरी सुया वॉरिंग्टनच्याच मापावर राहिल्या.

तारेचं माप पोकळ सुईवर आलं ते ओघानेच. इंजेक्शनची सुई एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली, आणि बारीक नळीसुद्धा तारेसारखी भोकातूनच ओढून काढतात. बॉयलरच्या नळ्यांवर हेच नंबर भिंतीची जाडी सांगतात, सुईवर ते बाहेरचा व्यास सांगतात. सुईला तारेची जागा मिळाली, नळीची नाही, हे त्यावरून कळतं.

डोळ्यातला पुढचा प्रवास झपाट्याचा. मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी १९७०मध्ये १७ नंबरच्या हत्याराने बंद डोळ्यातला गर काढला. मग २०. सन २००२मध्ये फुजी आणि द हुआन यांच्या चमूने २५ नंबरची बिनटाक्याची पद्धत आणली. २०च्या मानाने हत्याराचा छेद एक तृतीयांशावर आला. आतली पोकळीही त्याच प्रमाणात घटली असं धरलं, तर साध्या द्रवाचा प्रवाह दहाव्या हिश्श्यावर येतो. शिवाय ती हत्यारं वाकायची. म्हणून २००५मध्ये फ्रँकफर्टचे क्लाउस एकार्ट मागे वळून २३वर आले. जपानमध्ये ओशिमा यांनी २०१०मध्ये २७ गाठला.

दाह असलेल्या डोळ्याला या बारीकपणाचं मोल जास्त. असा डोळा चिडका असतो. प्रत्येक काप आणि प्रत्येक टाका दाह पुन्हा चेतवू शकतो. २० नंबरला पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण सोडवून पुन्हा शिवावं लागे. युव्हिआयटिसने आणि त्यावरच्या स्टेरॉइडने अनेकांना काचबिंदू होतो, आणि त्याच्या शस्त्रक्रियेला पुढे हेच आवरण धडधाकट लागतं. तपासणीसाठीही मार्ग हाच. दाहाच्या रूपाने लपलेला लिम्फोमा पकडायचा, तर सलाइन सुरू करण्याआधी निव्वळ गराचा नमुना घ्यावा लागतो, आणि त्यातल्या नाजूक पेशी लगेच प्रयोगशाळेत पोचवाव्या लागतात.

औषधही आता याच नंबरातून जातं. युव्हिआयटिससाठी २००५मध्ये आलेली फ्लुओसिनोलोनची पहिली गोळी डोळ्यात काप घेऊन टाक्याने बसवावी लागे. त्याच औषधाची ०.१८ मिलिग्रॅमची कांडी अमेरिकेत २०१८मध्ये मंजूर झाली. ती तीन वर्षांपर्यंत झिरपत राहते, आणि सुईत आधीच भरून येते. त्या सुईचा नंबर २५.