तारेची साक्ष

मोरिवलीहून आमच्या महाविद्यालयांत येणाऱ्या कांहीं विद्यार्थ्यांकडून आम्हीं नुकताच मेल्डेचा प्रयोग करवून घेतला. फ्रान्झ मेल्डे या जर्मन पंडितानें १८६० च्या सुमारास केलेला हा प्रयोग फार साधा आहे. दोऱ्याचें एक टोंक कंप पावणाऱ्या स्वरकांट्यास बांधावें, दुसरें कप्पीवरून सोडून त्यास वजन लावावें. वजन योग्य तेवढें झालें कीं थरथरणारा दोरा एकाएकीं पाकळ्यांसारखा फुगतो व मधले कांहीं बिंदू जागच्या जागीं निश्चल राहतात. वजन चतुर्थांश केलें कीं पाकळ्या दुप्पट! “आपल्या गवयांस हें ठाऊक होतें काय?” असें त्यांतील एकानें विचारलें. चटकन् ‘होय’ म्हणण्याचा मोह आम्हांस झाला, हें कबूल केलें पाहिजे.

तो आवरलेला बरा. सतराव्या शतकांत अहोबल पंडितानें ‘संगीत पारिजात’ ग्रंथांत स्वरांचीं स्थानें वीणेच्या तारेच्या लांबीवरून सांगितलीं: तारेच्या मध्यावर तार षड्ज, आणि मेरू व तो षड्ज यांच्या मध्यावर मध्यम. पाऊल मोठें खरें. पण ही लांबीची मोजणी होय, लहरींचा शोध नव्हे.

पुढें सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल या सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टरांनीं बावीस श्रुतींचा जुना वाद तारेपुढें नेला. अब्दुल करीम खां यांच्या गळ्याचें साहाय्य त्यांस लाभलें. स्वराशीं तार मिळवावी, लांबी मोजावी, तीवरून आंदोलनांचें प्रमाण काढावें. कारण ताण तोच असतां लांबी निम्मी झाली कीं आंदोलनें दुप्पट होतात. १९१० सालीं त्यांचें इंग्रजी पुस्तक निघालें. क्लेमंट्स हे आय. सी. एस. अधिकारी त्यांचे पुरस्कर्ते झाले. श्रुतींची हार्मोनियमही तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत मात्र पंडित भातखंडे यांस ही मांडणी मानवली नाहीं. आमच्या मतें त्यांचा संशय रास्त होता. गाणारा कंठ प्रत्येक वेळीं त्याच अपूर्णांकावर थांबतो, असें तारेनें कधींच सांगितलें नव्हतें. तरी केवळ ग्रंथांतील शब्दांवर चाललेलें भांडण देवलांनीं मोजपट्टीपाशीं आणलें, हें थोडें नव्हे.

आणि तारही वाटते तितकी आज्ञाधारक नाहीं. तार जेथें छेडावी, तेथें ज्या उपस्वरांचा निश्चल बिंदू पडतो ते उपस्वर उमटत नाहींत, हा यंगचा नियम आम्ही दरवर्षीं शिकवितों. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० च्या सुमारास कलकत्त्यास तंबोरा व वीणा हीं वाद्यें तपासलीं, तेव्हां तेथें हा नियम मोडतो असें त्यांस आढळलें. तंबोऱ्याची घोडी रुंद पाठीची. तिच्यावर तारेखालीं जवारीचा दोरा सरकविलेला. कंप पावतांना तार घोडीस टेंकते व सुटते, आणि जो उपस्वर मुका राहावयाचा तोच खणखणीत बोलतो. मिरजेच्या कारागिरांनीं हा दोरा बसविला तो कोणत्याही समीकरणावांचून, केवळ कानाच्या भरंवशावर.

प्रश्न विचारणारा विद्यार्थी आतां घरचा तंबोरा प्रयोगशाळेंत आणणार आहे. सोनोमीटरच्या धारदार घोडीशेजारीं तो ठेवून दोहोंच्या तारा बरोबर मध्यावर छेडून ऐकावयाच्या, एवढें ठरलें आहे.