सावलीचा हक्कदार कोण?

बोईसरजवळच्या बेटेगावात बुलेट ट्रेनचे स्थानक उभे राहत आहे. अशा प्रकल्पांसाठी जमीन घेताना २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार जमिनीवरच्या झाडांचीही किंमत ठरते. ती मालकाला मिळते, आणि मिळालीच पाहिजे. पण त्याच झाडाखाली दुपारी टेकणाऱ्या मजुराचे, गुराख्याचे काय गेले? त्याचा हिशेब कोणी करत नाही.

पूर्वी तो होत असे. सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात रस्त्याकडेला वड लावल्याचे नोंदवले आहे. कारणही दिले आहे, माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी. शेरशाह सूरने १५४० ते १५४५ या अवघ्या पाच वर्षांच्या राजवटीत रस्ते बांधले, सराया उभारल्या आणि दुतर्फा झाडे लावली. मराठेशाहीत रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत अशी ताकीद आहे, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात.

इस्लामी परंपरेत तर सावली हा वाटसरूचा हक्कच मानला आहे. लोक जिथे सावलीला बसतात तिथे घाण करू नये, असे पैगंबरांनी (स.) बजावले. इमाम अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात बोरीचे झाड तोडणाऱ्याला कडक इशारा आहे. त्याचा अर्थ विचारल्यावर त्यांनी खुलासा केला: रानातल्या ज्या बोरीच्या सावलीला वाटसरू आणि जनावरे येतात, ती हक्क नसताना, नाहक तोडणाऱ्यासाठी हा इशारा आहे. म्हणजे गुन्हा केवळ लाकूड तोडण्याचा नाही, दुसऱ्याची सावली हिरावण्याचा आहे.

आता आपला कायदा पाहा. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, खैर, चंदन, आंबा, मोह, चिंच अशी झाडे आहेत. लाकूड किंवा फळ देणारी, बाजारात भाव असलेली. सर्वांत दाट सावली देणारा वड त्या यादीत नाही. शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात पन्नास वर्षांवरील झाडांना वारसावृक्ष मानले. पण तो शहरी भागापुरता. ग्रामपंचायतीतल्या जुन्या वडाला ते संरक्षण नाही.

तारापूर एमआयडीसीत पायी कामाला जाणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. त्याच्या वाट्याला आलेली सावली कागदावर आणायची असेल, तर ग्रामसभेने रस्त्याकडेच्या झाडांची नोंद करावी. झाड कोणत्या जातीचे, किती जुने, याबरोबर एक रकाना आणखी ठेवावा: याच्या सावलीला कोण बसते?